डॉक्टरांची साक्ष: प्रमाणपत्र जोडलं म्हणजे अपंगत्व सिद्ध झालं असं नाही

वाचकाचं पत्र: वय ३८, धंदा फरशी बसवण्याचा. एप्रिल २०२४ मध्ये काटोल रोडवर मागून आलेल्या ट्रकने माझ्या दुचाकीला उडवलं. डाव्या गुडघ्याखालचं हाड सांध्यापर्यंत फुटलं. धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात प्लेट बसवली. सप्टेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा टाकला. सरकारी रुग्णालयाच्या मंडळाने ४२ टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र दिलं आहे, पण विमा कंपनीचे वकील ते नाकारतात. ट्रकवाल्यावरच्या फौजदारी खटल्यात माझ्या डॉक्टरांची साक्ष झाली आहे. आता ते पुण्याला गेले आणि ‘पुन्हा कोर्टात येणं जमणार नाही’ म्हणतात. त्यांची तीच साक्ष या दाव्यात लावली तर चालेल का? आणि डॉक्टर आलेच, तर त्यांना नेमकं काय विचारायचं?
— एक वाचक, हिंगणा रोड

नमस्कार,

फौजदारी खटल्यातली साक्ष जशीच्या तशी इथे पुरावा म्हणून चालणार नाही. तुमचा दावा १ जुलै २०२४ नंतरचा आहे, म्हणून त्याला भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू होतो. (त्याआधी दाखल झालेल्या दाव्यांना १८७२ चाच कायदा लागू राहतो.) नव्या कायद्याच्या कलम २७ प्रमाणे आधीच्या कारवाईतली साक्ष नंतरच्या कारवाईत वाचता येते, पण त्याला अटी आहेत. साक्षीदार मेलेला, बेपत्ता किंवा असमर्थ असावा, किंवा त्याला आणण्याचा वेळ-खर्च कोर्टाला अवाजवी वाटावा. दोन्ही कारवायांतले पक्षकार तेच असावेत, विरुद्ध पक्षाला उलटतपासाची संधी मिळालेली असावी आणि वादाचे मुद्दे मूलतः सारखे असावेत. फौजदारी खटला सरकार आणि ट्रकचालक यांच्यातला. विमा कंपनी तिथे नव्हती, तिने डॉक्टरांना एकही प्रश्न विचारलेला नाही. न्यायाधिकरण मोटार वाहन कायद्याच्या कलम १६९ खाली संक्षिप्त पद्धतीने चालतं, साक्ष कायद्याला तंतोतंत बांधलेलं नाही, हे खरं. पण ज्याला प्रश्न विचारायची संधीच मिळाली नाही त्याच्याविरुद्ध ती साक्ष वाचली, तर निकाल अपिलात डळमळतो.

शिवाय त्या साक्षीत तुमच्या कामाचं फारसं नसणार. फौजदारी कोर्टात डॉक्टर जखम कोणती, ती गंभीर आहे का आणि कशाने झाली असावी, एवढंच सांगतात. अपंगत्वाचा विषय तिथे निघत नाही.

तरीही सहीशिक्क्याची नक्कल आजच काढा आणि उलटतपासाचा भाग नीट वाचा. ‘दुचाकी घसरून पडल्यासही अशी जखम होऊ शकते हे खरे आहे’ असं एखादं वाक्य तिथे बसलेलं असतं. विमा कंपनीचे वकील ते साक्ष अधिनियमाच्या कलम १४८ खाली डॉक्टरांसमोर ठेवणार. तुमच्या वकिलांना ते आधी माहीत असेल, तर फेरतपासात (उलटतपासानंतर आपल्या वकिलांनी पुन्हा विचारलेल्या प्रश्नांत) डॉक्टरांकडून खुलासा घेता येतो.

आता ४२ टक्क्यांकडे वळू. तुमची मिळकत महिना १८,००० रुपये सिद्ध झाली असं धरा. वर्षाचे २,१६,०००. वय ४० च्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून प्रणय सेठी (२०१७) निकालाप्रमाणे भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवले की ३,०२,४०० होतात. इजेच्या दाव्यातही ही वाढ धरायची, हे पप्पू देव यादव (२०२०) निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. सरला वर्मा (२००९) च्या तक्त्यात ३६ ते ४० वयाला गुणक (वर्षाच्या रकमेला ज्या आकड्याने गुणायचं तो) १५. गुणाकार ४५,३६,०००. यावर कमाईच्या नुकसानीचे टक्के लागतात. कंपनी म्हणेल, ४२ टक्के फक्त पायाचे, सगळ्या शरीराचे तिसरा हिस्सा म्हणजे १४ धरा: ६,३५,०४० रुपये. बेचाळीसच धरले तर १९,०५,१२०. आणि उकिडवं बसल्याशिवाय फरशी बसत नाही, म्हणून कमाईचं नुकसान ६० टक्के असं न्यायाधिकरणाला पटलं, तर २७,२१,६००. गुडघा तोच, मिळकत तीच. फरक पडतो तो बहुतांशी डॉक्टरांच्या अर्ध्या तासाच्या साक्षीवर. म्हणून ‘कागद लावले आहेत, पाहू’ म्हणत या टप्प्यावर ढिलाई करू नका, ही आमची कळकळीची विनंती.

या विषयातला पायाभूत निकाल म्हणजे राजकुमार विरुद्ध अजयकुमार, सर्वोच्च न्यायालय, २०१०. त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. पहिली: अपंगत्वाचं किंवा डिस्चार्जचं प्रमाणपत्र नुसतं दाखल केल्याने त्यातले टक्के सिद्ध होत नाहीत. ज्याने उपचार केले किंवा ज्याने तपासून टक्के काढले, तो डॉक्टर उलटतपासाला उभा राहिला पाहिजे. मंडळाच्या प्रमाणपत्राला वजन जास्त, पण ते खरं आहे का यावर वाद झाला की तिथेही साक्ष लागतेच. दुसरी: डॉक्टरांनी शरीराचं किती नुकसान झालं ते सांगायचं, कमाई किती बुडाली ते न्यायाधिकरणाने ठरवायचं. निकालात डाव्या हाताचं उदाहरण आहे. हात कापला गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळपास शंभर टक्के जाते, सरकारी कारकुनाची कदाचित जाणारही नाही.

यावरून निघतं की तुम्हाला एक नाही, दोन डॉक्टर लागतील. ऑपरेशन केलेले डॉक्टर फ्रॅक्चर कुठे, प्लेट कोणती, हाड कसं जुळलं, पुढे सांधा झिजेल का आणि प्लेट काढावी लागेल का हे सांगतील. टक्के त्यांनी काढलेले नाहीत, त्यामुळे त्यावर त्यांना विचारलं की ते अडखळतील. मंडळातल्या सही करणाऱ्यांपैकी एक डॉक्टर टक्क्यांसाठी बोलवा. तिघांनाही बोलवायची गरज नाही. मात्र समन्समध्ये ‘मूल्यमापनाचा मूळ तक्ता घेऊन यावा’ असं लिहून घ्या. बहुतेक दाव्यांत हेच राहून जातं आणि डॉक्टर पिंजऱ्यात उभे राहून सांगतात की टक्के कसे काढले ते आता आठवत नाही.

तक्त्यात काय असतं ते समजून घ्या. पायाचं मोजमाप दोन भागांत होतं: हालचाल आणि ताकद एका बाजूला, उभं राहण्या-चालण्याची स्थिरता दुसऱ्या बाजूला. दोन्हींचे टक्के सरळ बेरजेने मिळवत नाहीत. मोठा आकडा ‘अ’ आणि लहान ‘ब’ धरला तर सूत्र आहे अ + ब × (९० − अ) ÷ ९०. समजा हालचालीचे ३० आणि स्थिरतेचे १८ निघाले. ९० मधून ३० गेले, उरले ६०. १८ गुणिले ६० भागिले ९० म्हणजे १२. ३० अधिक १२, बेचाळीस. तुमचे ४२ असेच आले असतील किंवा दुसऱ्या आकड्यांतून. डॉक्टरांना ही मांडणी कोर्टात करून दाखवता आली पाहिजे. ३० आणि १८ ची सरळ बेरीज ४८ का नाही, हा प्रश्न उलटतपासात हमखास येतो. उत्तर देता आलं नाही, तर सगळं प्रमाणपत्र अंदाजपंचे ठरतं.

प्रमाणपत्राच्या छापील नमुन्यात टक्क्यांपुढे ‘शरीराचा कोणता भाग’ ही रिकामी जागा असते. तिथे ‘डावा पाय’ लिहिलं आहे की काहीच नाही, ते आज पाहा. डावा पाय असेल, तर संपूर्ण शरीराच्या हिशेबात किती, हा प्रश्न तुमच्याच वकिलांनी सरतपासात (आपल्या साक्षीदाराला आपण आधी विचारतो त्या प्रश्नांत) विचारावा. तो कंपनीच्या वकिलांसाठी ठेवू नये. प्रमाणपत्रावर ‘न्यायालयीन कामासाठी नाही’ असा शिक्का असेल, तर ते सवलतींपुरतं आहे. मग न्यायाधिकरणात अर्ज करून मंडळाकडून नव्याने तपासणी मागवून घ्या.

पुढचा भाग सगळ्यात मोलाचा. डॉक्टरांनी टक्के सांगून थांबू नये. गुडघा किती अंश वाकतो, तो कोनमापक लावून मोजला का, कोणत्या तारखेला मोजला, ऑपरेशननंतर किती महिन्यांनी मोजला, आणखी सुधारणा होणं थांबलं आहे का? उकिडवं बसायला गुडघा साधारण १२० अंशांच्या पुढे वाकावा लागतो, खुर्चीत बसायला ९० पुरतात. तुमचा गुडघा ८५ अंशांवर अडत असेल, तर डॉक्टर ठामपणे सांगू शकतात की हा माणूस उकिडवा बसू शकत नाही, मांडी घालू शकत नाही, गुडघ्यावर भार देऊन पुढे सरकू शकत नाही. इथे डॉक्टरांचं काम संपतं. फरशीचं काम उकिडवं बसल्याशिवाय होत नाही, हे सांगायला तुम्ही आहात आणि ज्याच्याकडे काम करत होता तो ठेकेदार आहे. त्याची साक्ष जरूर ठेवा. डॉक्टरांच्या तोंडी ‘शंभर टक्के कमाई बुडाली’ असं वाक्य घालू नका. हा त्यांचा प्रांत नाही, आणि पहिल्याच प्रश्नात ते पडतं. पडलं की बाकीच्या साक्षीवरचा विश्वासही जातो.

आता कागद. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे भरती रुग्णाची नोंद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायची असते, आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असते. तुमची तीन वर्षं एप्रिल २०२७ ला भरतात. त्यानंतर काही मागू नका असं नाही, पण त्याआधी लेखी अर्ज देऊन पोचपावती घ्या. केसपेपर, ऑपरेशनची नोंद, प्लेट-स्क्रूचं स्टिकर, एमएलसीची (पोलिसांना कळवलेल्या जखमेची) नोंद आणि एक्स-रे हे सगळं मागा. प्रत्येक कागदावर डावा पायच लिहिला आहे का ते तपासा. डिस्चार्ज कार्डावर डावा आणि बिलावर उजवा, अशी गफलत निघते आणि ती भर उलटतपासात निघते. एक्स-रे किंवा सीटी सीडीवर असेल, तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र दोन भागांत लागतं. भाग ‘अ’ दाखल करणाऱ्याचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे ओळखण्याचा संगणकी क्रमांक) येते. जुन्या एकाच पानाच्या नमुन्यावर भागवू नका.

डॉक्टर पुण्यात, मूळ फाइल धंतोलीत: ही तुमची खरी अडचण आहे. म्हणून आधी दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागातल्या माणसाला मूळ कागदांसह समन्स काढा. तो फाइल हजर करेल आणि तिला निशाणी क्रमांक (पुराव्यात घेतल्याचा क्रमांक) पडेल. मगच शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांची पाळी. हा क्रम उलटा झाला, तर डॉक्टर झेरॉक्स पाहून साक्ष देतात आणि कागद ‘आर्टिकल’ म्हणून पडून राहतात, पुराव्यात येत नाहीत. त्याआधी एक सोपं पाऊल उचला. बिलं, डिस्चार्ज कार्ड आणि रेकॉर्ड कबूल करण्याची नोटीस कंपनीला द्या. दिवाणी दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १२ खाली तिला सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं. न्यायाधिकरणातही त्याच धर्तीवर पुरशीस (कोर्टाला दिलेलं छोटं लेखी निवेदन) देऊन मागणी करता येते. कंपनीने बिलं कबूल केली, तर तेवढे साक्षीदार वाचले.

पुण्याच्या डॉक्टरांना नागपूरला यायला भाग पाडता येईल का? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १६ नियम १९ प्रमाणे कोर्टाच्या हद्दीबाहेरच्या साक्षीदारावर जातीने येण्याची सक्ती १०० किलोमीटरच्या आतून होते. पाच षष्ठांश वाट रेल्वेने किंवा इतर सार्वजनिक वाहनाने जाता येत असेल, तर ५०० किलोमीटरच्या आतून. पुणे त्याहून लांब आहे. मात्र विमानाची सोय असेल आणि विमानभाडं दिलं, तर कोर्ट बोलावू शकतं, आणि नागपूर-पुणे विमान आहे. डॉक्टर राजी असतील तर हा मार्ग स्वच्छ. नसतील तर सक्तीने आणलेला साक्षीदार तुमच्या उपयोगाचा नाही.

दुसरा मार्ग कमिशनचा, ऑर्डर २६ खाली. न्यायाधिकरण एका वकिलाची कमिशनर म्हणून नेमणूक करतं आणि साक्ष पुण्यात नोंदवली जाते. कमिशनरची फी, तुमच्या वकिलांचा प्रवास आणि बहुधा कंपनीच्या वकिलांचाही खर्च तुमच्यावर येतो. दिवाणी दाव्यात कमिशनरने अहवाल ६० दिवसांत द्यायचा असतो, कारणं देऊन मुदत वाढते. एखाद्या प्रश्नाला हरकत आली, तर कमिशनर ती फक्त नोंदवतो, निर्णय कोर्ट युक्तिवादाच्या वेळी देतं. त्यामुळे साक्ष लांबते, भरकटते. डॉक्टर नागपुरातच असते पण व्यग्र असते, तर त्यांच्या दवाखान्यात जाऊन साक्ष घेण्याला नियम ४-अ आहे, आणि तिथे कमिशन चांगलं चालतं.

तुमच्या बाबतीत आमचं मत तिसऱ्या मार्गाकडे: व्हिडिओ कॉन्फरन्सिंग. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये डॉ. प्रफुल्ल देसाई प्रकरणात, जे महाराष्ट्रातलंच होतं, अमेरिकेतल्या एका डॉक्टरांची साक्ष व्हिडिओवर घ्यायला मान्यता दिली. पुणे त्यापुढे काहीच नाही. अर्जात पुण्याच्या न्यायालयातली जागा सुचवा, डॉक्टरांच्या घरचा किंवा दवाखान्याचा मोबाइल सुचवू नका. ‘शेजारी कोणी उत्तरं सांगत होतं’ असा आक्षेप मग उठत नाही. निशाणी पडलेल्या कागदांच्या पानांवर क्रमांक घालून त्यांच्या स्कॅन प्रती आधी पाठवा आणि तोच संच कंपनीच्या वकिलांनाही द्या. डॉक्टरांना ओपीडी नसलेले दोन-तीन दिवस विचारून तेच अर्जात लिहा, आणि वेळही ठरवून मागा. राजकुमार निकालातच म्हटलं आहे की एका साक्षीत जाणाऱ्या वेळात व्यग्र शल्यचिकित्सक कितीतरी रुग्णांना वाचवू शकतो. त्याचा आधार दिला की ठरावीक वेळ मिळते. ‘येणार नाही’ म्हणणारे बहुतेक डॉक्टर खरं तर दिवसभर व्हरांड्यात बसायला नकार देत असतात.

पैशांचा व्यवहार उघड ठेवा. ऑर्डर १६ नियम २ प्रमाणे तज्ज्ञाला साक्षीच्या आणि त्यासाठी केलेल्या कामाच्या वेळेचा वाजवी मोबदला कोर्ट देऊ शकतं. तो कोर्टात भरा. हातोहात दिलेल्या रकमेचा प्रश्न उलटतपासात निघतोच. सरतपासाचं शपथपत्र डॉक्टरांनी द्यायला हवं, पण ते वकिलाच्या भाषेत नको. शिक्षण, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, तपासणीच्या तारखा, आढळलेल्या गोष्टी, मत आणि मताची कारणं, एवढं त्यांच्या शब्दांत असावं. समन्सवर आलेले डॉक्टर शपथपत्र देत नसतील, तर सरतपास तोंडी घेता येतो, सालेम बार असोसिएशन निकालात ते स्पष्ट झालं आहे. मग सूचक प्रश्न चालत नाहीत, म्हणून वकिलांनी प्रश्नांचा क्रम आधी बसवावा. डॉक्टर कागद पाहून, किंवा वैद्यकीय ग्रंथ पाहून, स्मृती ताजी करू शकतात. पण ज्या कागदावरून त्यांनी आठवलं, तो विरुद्ध पक्षाला पाहायला मागता येतो. तुमच्या वकिलांनी लिहून दिलेलं टिपण त्यांच्या हातात नसावं.

उलटतपासात येणारे प्रश्न ठरलेले असतात. कोणत्या मार्गदर्शक तत्त्वांनी मोजलं: केंद्र सरकारची २०१८ ची की मार्च २०२४ ला सुधारलेली? फिजिओथेरपी पूर्ण झाली होती का? प्लेट काढल्यावर हालचाल वाढेल का? आधीचा संधिवात होता का? तपासलेला माणूस हाच, हे कशावरून? या शेवटच्या प्रश्नासाठी प्रमाणपत्रावरचा साक्षांकित फोटो आणि अंगावरच्या ओळखखुणा पुरतात. बाकीच्यांची उत्तरं डॉक्टरांना केसपेपरमध्येच सापडली पाहिजेत, म्हणून साक्षीआधी त्यांनी फाइल एकदा पूर्ण चाळणं गरजेचं आहे. फिजिओथेरपीला तुम्ही गेलाच नसाल, तर तेही वकिलांना आत्ताच सांगा.

साक्ष मराठीत टाइप होत असते, डॉक्टर इंग्रजी शब्दांत बोलतात. ‘पंच्याऐंशी अंश’ च्या जागी ‘पासष्ट’ किंवा ‘डावा’ च्या जागी ‘उजवा’ बसायला वेळ लागत नाही. सही होण्याआधी आकडे आणि बाजू वाचून घेण्याची विनंती वकिलांनी करावी. त्याच दिवशी पाहा: प्रमाणपत्राला निशाणी पडली का, मूल्यमापनाच्या तक्त्याला पडली का, एक्स-रेला पडली का?

मंडळाचे डॉक्टर समन्स पोचूनही आले नाहीत, तर समन्स बजावल्याचा अहवाल जोडून ऑर्डर १६ नियम १० खाली अर्ज द्या. जामीनपात्र वॉरंटपर्यंत जाता येतं, पण बहुतेक वेळा रुग्णालयाच्या अधीक्षकांना पत्र गेलं की दुसरे सही करणारे डॉक्टर येतात. तोवर तारखा पडल्या तरी चालेल, दोन्ही डॉक्टरांची साक्ष होईपर्यंत तुमच्या बाजूने ‘पुरावा संपला’ ही पुरशीस जाऊ देऊ नका.